उणे तीन, तरीही उजवीकडे

त्र्यंबक आणि आंबोलीकडे पावसाचा जोर वाढला, की नाशिककरांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास येतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, आणि ते रामकुंडावर किती वाजता पोहोचणार? गोदाघाटावर टपरी लावणाऱ्याला, भांडीबाजारात आणि सराफ बाजारात तळमजल्यावर माल ठेवणाऱ्याला, काठावर वाहन उभे करणाऱ्याला या दोन उत्तरांवरच पुढचा निर्णय घ्यायचा असतो. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदाकाठच्या बाजारपेठेने पाणी पाहिले आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची या शहराची रीत तर त्याहून कितीतरी जुनी आहे.

यातल्या दुसऱ्या प्रश्नात शालेय गणितातला एक अतिशय अवघड समजला जाणारा भाग दडलेला आहे. अकरावीच्या वर्गात फलाचे आलेख शिकवताना शिक्षक सांगतात, की फ(क्ष) ऐवजी फ(क्ष − ३) घेतले, तर आलेख तीन एककांनी उजवीकडे सरकतो. वर्गात क्षणभर शांतता पसरते. उणे म्हणजे मागे, उणे म्हणजे डावीकडे, हे संख्यारेषेवर पाचवी-सहावीपासून मनावर ठसलेले असते. येथे मात्र उणे असूनही आलेख उजवीकडे जातो आणि अधिक असेल तर डावीकडे. बहुतेक विद्यार्थी प्रश्न न विचारता ‘कंसात असेल तर उलटे’ असा नियम वहीत लिहून घेतात. परीक्षेपुरता तो उपयोगी पडतो. पुढे कंसात २क्ष − ६ असे काही आले, की तो मोडतो आणि विद्यार्थ्याजवळ काहीच उरत नाही.

(आजच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांत चलांसाठी रोमन अक्षरे छापली जातात. मागच्या पिढ्यांनी ज्या क्ष आणि य यांच्या सोबतीने गणित केले, तीच अक्षरे या लेखात ठेवली आहेत. फल म्हणजे एका राशीची किंमत दुसरीवर कशी अवलंबून आहे हे सांगणारा नियम. काही पुस्तकांत त्याला फलन असेही म्हटले जाते.)

आता पुन्हा नदीकडे वळू. समजा, धरणातून दुपारी बारा वाजता १,००० क्युसेक विसर्ग आहे. एक वाजता ३,०००, दोन आणि तीन वाजता ६,०००, आणि चार वाजता तो २,००० वर आणला. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. सोमेश्वर, आनंदवल्ली या मार्गाने ते पाणी घाटावर यायला दोन तास लागतात असेही धरून चालू. तर घाटावर दुपारी चार वाजता किती पाणी असेल? उत्तर सहावीतला मुलगाही देईल. चारला जे पाणी येथे आहे ते दोन वाजता धरणातून निघालेले. म्हणजे ६,००० क्युसेक. पाच वाजता? तीनचे पाणी. सहा वाजता? चारचे.

हेच चिन्हांत लिहायचे. धरणावरील विसर्ग वेळेनुसार फ(त) असेल, तर घाटावरील प्रवाह फ(त − २) होतो. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला धरणावर काय घडले होते हे पाहायचे, तर घड्याळ दोन तास मागे न्यावे लागते. उणे दोन आले ते तेथून. आणि दोन्ही ठिकाणांचे आलेख एकाच कागदावर काढले, तर घाटाचा आलेख दोन तासांनी उशिरा, म्हणजे उजवीकडे उमटलेला दिसतो. उणे चिन्ह मागे वळून पाहण्याचे आहे. उजवीकडे सरकणे हे उशीर होण्याचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांत विरोध नाही. ‘कंसात असेल तर उलटे’ या वाक्यातला ‘उलटे’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे, कारण उलटे काहीच होत नाही.

प्रत्यक्ष नदी अर्थातच इतकी सरळ वागत नाही. वाटेत पाणी पसरते, पुराचे टोक काहीसे बुटके होते, आणि शहरातील नाल्यांचे पाणी त्यात मिसळते. परंतु यांतली प्रत्येक गोष्ट आलेखाच्या भाषेत सांगता येते. टोक बुटके झाले म्हणजे आलेख उभ्या दिशेने आकसला, फलाला एकापेक्षा लहान संख्येने गुणले. नाल्यांचे पाणी सतत सारखेच येत राहिले, तर आलेख तेवढ्याने वर उचलला गेला, म्हणजे एक स्थिर संख्या मिळवली. क्युसेकऐवजी घनमीटर प्रतिसेकंद हे एकक घेतले, तर सर्व उंच्या सुमारे ३५.३ ने भागल्या जातात; नदीला त्याचा पत्ताही नसतो. पाण्याची उंची नदीच्या तळापासून मोजण्याऐवजी मारुतीच्या पायापासून मोजली, तर आलेखाचा आकार तोच राहतो आणि फक्त शून्य हलते. सरकवणे, ताणणे, आकसवणे, उलटवणे या क्रियांना गणितात आलेखाची रूपांतरे म्हणतात, आणि त्यांची सवय माणसाला एकके व घड्याळे बदलताना आपोआप झालेली असते. वर्गात तिला नाव मिळत नाही, एवढेच.

पावसाचे गुणाकार आणि बेरजा

नाशिकमध्येच दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, आहे. १९५९ साली स्थापन झालेली ही संस्था पाणी, धरणे आणि बांधकामाशी संबंधित संशोधनासाठी ओळखली जाते. जलविज्ञानाच्या अभियंत्यांना पदवीच्या काळात जी एक पद्धत शिकावीच लागते, ती पाहिली की शालेय रूपांतरांचे महत्त्व ध्यानात येते. अमेरिकी अभियंते एल. के. शर्मन यांनी १९३२ साली ती मांडली. तिला एकक जलालेख म्हणता येईल.

कल्पना अशी. एखाद्या पाणलोट क्षेत्रावर एका तासात, जमिनीत मुरून उरलेला असा नेमका एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर नदीचा प्रवाह तासागणिक कसा वाढतो व ओसरतो याचा एक आलेख तयार करायचा. समजा, एका छोट्या खोऱ्यात तो दर तासाला ०, २०, ६०, ४०, १०, ० घनमीटर प्रतिसेकंद असा आहे. आता पहिल्या तासात दोन सेंटिमीटर आणि दुसऱ्या तासात तीन सेंटिमीटर पाऊस झाला, तर पूर कसा येईल? पहिल्या पावसासाठी सर्व आकडे दुप्पट करायचे : ०, ४०, १२०, ८०, २०, ०. दुसऱ्यासाठी तिप्पट करून एक तास पुढे सरकवायचे आणि मग दोन्हींची बेरीज घ्यायची. पहिल्या तासाच्या अखेरीस ४०, दुसऱ्याच्या अखेरीस १८०, तिसऱ्याच्या २६०, चौथ्याच्या १४०, पाचव्याच्या ३०. पुराचे टोक तिसऱ्या तासाला आणि २६० चे येईल, हे पाऊस पडत असतानाच सांगता येते. सूत्रात लिहायचे तर २फ(त) + ३फ(त − १). अकरावीतला विद्यार्थी ज्या दोन क्रियांना कंटाळतो, उभे ताणणे आणि आडवे सरकवणे, त्या दोनच क्रिया येथे आहेत. तिसरी बेरीज.

पद्धतीला मर्यादा आहेत. पाऊस दुप्पट झाला तर प्रवाह प्रत्येक क्षणी दुप्पटच होतो हे गृहीत धरलेले असते आणि निसर्ग ते काटेकोरपणे पाळत नाही. आज संगणकीय प्रतिमाने याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. तरीही अभियंत्याच्या शिक्षणात या पद्धतीला स्थान आहे, कारण तिच्यात विचार उघड दिसतो.

दहावीच्या उंबरठ्यावर

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची आलेखांशी ओळख कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. नववीत निर्देशक भूमिती येते : दोन अक्ष, आरंभबिंदू, चार चरण, बिंदूंची क्रमित जोडी. दहावीच्या, २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. क्ष ला दोन-तीन किमती द्यायच्या, य च्या किमती काढायच्या, बिंदू घेऊन पट्टीने रेषा ओढायची, दोन रेषांचा छेदनबिंदू वाचायचा. आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरायचे नाही, कारण त्याचे गुण असतात. हे काम मुले नेटके करतात. गैरसोय एवढीच की, आलेख म्हणजे ‘तक्ता भरून बिंदू जोडणे’ ही समजूत येथे पक्की होते. रेषेच्या बाबतीत ती चालून जाते. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरते, तिसरा पडताळ्यासाठी. आकृतीकडे आकृती म्हणून पाहण्याची गरजच पडत नाही.

पुढच्याच प्रकरणात वर्गसमीकरणे आहेत. अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे अशा तीन रीतींनी मुळे काढायला मुले शिकतात. विवेचक धन असेल तर दोन भिन्न मुळे, शून्य असेल तर समान, ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत, हे पाठ होते. येथे सारा भर बीजगणितावर आहे. एका पानावर आलेख शिकलेला मुलगा पुढच्या पानावर वर्गसमीकरण सोडवतो आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याला येत नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांत दहावीच्या बहुपदींच्या पाठात अन्वस्ताचे आलेख दाखवून शून्ये म्हणजे आलेखाने क्ष-अक्षाला छेदण्याच्या जागा, हे सांगितले जाते. रूपांतरांपर्यंत तो पाठही जात नाही, पण चित्र तरी डोळ्यांपुढे येते.

खरे पाहता पूर्ण वर्ग करण्याची रीत म्हणजेच आलेख सरकवण्याची रीत होय. एक उदाहरण पुरे आहे. क्ष² − ६क्ष + ५ ही राशी घ्या. पूर्ण वर्ग केला की ती (क्ष − ३)² − ४ अशी होते. म्हणजे य = क्ष² हा ओळखीचा वाडग्यासारखा आलेख उचलून तीन एकके उजवीकडे आणि चार एकके खाली ठेवला, की झाले. वाडग्याचे बूड, ज्याला शिरोबिंदू म्हणतात, ते (३, −४) येथे गेले. क्ष-अक्ष आता त्याच्या बुडापासून चार एकके वर आहे, आणि चाराचे वर्गमूळ दोन असल्याने वाडगे अक्षाला मध्यापासून दोन एकके डावीकडे आणि दोन एकके उजवीकडे छेदते : १ आणि ५. हीच दोन मुळे.

आता स्थिरपद ५ ऐवजी ९ करा. आलेख चार एकके वर उचलला गेला. बूड अक्षावर टेकले, दोन छेदनबिंदू सरकत सरकत ३ या ठिकाणी एक झाले. विवेचक शून्य. स्थिरपद ११ करा. वाडगे आणखी दोन एकके वर गेले, अक्षाला त्याचा स्पर्शच नाही. विवेचक उणे आठ. ‘वास्तव मुळे नाहीत’ हे वाक्य ज्या मुलाने वर्षभर एखाद्या निकालपत्रासारखे ऐकले, त्याला ते येथे हवेत तरंगणाऱ्या वाडग्याच्या रूपाने दिसते. वर्गसमीकरणाचे लांबलचक सूत्रही मग निराळे वाटू लागते. त्यातला −ब/२अ हा भाग मधली जागा सांगतो आणि अधिक-उणे चिन्हापुढचा भाग त्या जागेपासून दोन्ही बाजूंचे अंतर. सूत्र पाठ करावे लागतेच. पण ते कशाबद्दल बोलत आहे हे कळलेले असले, तर ते विसरण्याची भीती कमी होते.

वर्गात यासाठी लागणारे साहित्य क्षुल्लक आहे. एक आलेख कागद, त्यावर अक्ष. एक ट्रेसिंग पेपर, त्यावर एकदाच नीट काढलेला य = क्ष² चा आलेख. ट्रेसिंग पेपर आलेख कागदावर सरकवायचा आणि दर खेपेस विचारायचे, की आता याचे समीकरण काय? मुले आधी चुकतात. शिरोबिंदू ३ वर नेला तर बहुतेकांच्या तोंडून (क्ष + ३)² असे उत्तर येते. अशा वेळी शिक्षकाने ‘चूक’ म्हणण्याऐवजी तक्ता भरायला लावावा. क्ष च्या ० ते ६ या किमतींना (क्ष − ३)² ची उत्तरे ९, ४, १, ०, १, ४, ९ अशी येतात. शून्य हे उत्तर हवे तर कंस शून्य व्हायला हवा आणि त्यासाठी क्ष ला तीनपर्यंत जावे लागते. पूर्वी शून्याला जे मिळत होते ते आता तीनला मिळते. पूर्वी एकला मिळत होते ते चारला. प्रत्येक उत्तर तीन पावले उशिरा येते. पुराचे उदाहरण आधी झाले असेल, तर येथे फार बोलावे लागत नाही. ट्रेसिंग पेपर उलटा केला की परावर्तनही दाखवता येते : वरची कड खाली फिरवून वाडगे पालथे घातले तर −फ(क्ष), आणि डावी-उजवी बाजू बदलली तर फ(−क्ष). क्ष² च्या बाबतीत ही दुसरी क्रिया काहीच बदल दाखवत नाही, आणि ‘का बदलले नाही’ हा प्रश्न तासातला सर्वांत चांगला प्रश्न ठरू शकतो.

चित्र की आलेख?

आलेख वाचताना होणारी एक चूक जगभर सारखी आढळते. आलेखाला चित्र समजले जाते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने १९८५ साली शिक्षकांसाठी फल आणि आलेखांच्या भाषेवर साहित्य प्रसिद्ध केले, त्यात या चुकीचा पाठपुरावा बारकाईने केलेला आहे. गाडीच्या वेगाचा आलेख वर चढताना दिसला, की गाडी चढावर आहे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात गाडी सपाट महामार्गावर वेग घेत असू शकते. पुराच्या आलेखाची उभी बाजू पाहून नदी तेथे कड्यावरून कोसळते असे कोणी म्हणाले तर हसू येईल. पण चूक तीच आहे. रूपांतरे शिकताना ही समजूत आपोआप सैल होते. आलेख ताणला, सरकवला, एकक बदलले तरी त्यामागची घटना बदललेली नाही, हे एकदा पाहिले की चित्र आणि घटना वेगळ्या करता येतात.

या कौशल्याची गरज गणित पुढे न घेणाऱ्यांनाही किती असते, ते २०२० मध्ये कळले. करोनाच्या साथीत रुग्णसंख्येचा आलेख ‘सपाट करा’ असे सगळीकडे सांगितले जात होते. त्याचा अर्थ काय होता? टोक बुटके करायचे, आलेख आडवा पसरवायचा आणि टोकाची वेळ पुढे ढकलायची. उभे आकसणे, आडवे ताणणे, उजवीकडे सरकवणे. एकूण रुग्ण तेवढेच राहिले तरी एका दिवशी रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या खाटांच्या संख्येपेक्षा कमी राहावी, यासाठी तो सारा खटाटोप होता. वाहिन्यांवर दिसणारे काही आलेख साध्या प्रमाणाचे आणि काही लघुगणकीय (लॉग) प्रमाणाचे असत. एकाच साथीचा आलेख एका ठिकाणी उभा कडा आणि दुसऱ्या ठिकाणी सौम्य उतार दिसे. अनेक सुशिक्षितांचा त्यात गोंधळ उडाला. दहावीनंतर गणित सोडणाऱ्या मुलांना आपण सरळ रेषेपलीकडचा एकही आलेख हाताळायला देत नाही, त्याची किंमत अशा वेळी मोजावी लागते.

वास्तविक शालेय गणिताच्या केंद्रस्थानी फलाचा विचार असावा, ही मागणी शतकाहून जुनी आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाईन यांच्या पुढाकाराने १९०५ साली मेरान येथे जो अभ्यासक्रम मांडला गेला, त्याचा हा गाभा होता. बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती हे वेगवेगळे कप्पे न राहता ‘एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते’ या एका सूत्राने ते बांधले जावेत, असे त्यांचे म्हणणे होते. देकार्तने १६३७ मध्ये भूमिती आणि बीजगणित यांची सांगड घातली, ऑयलरने अठराव्या शतकात फलासाठी आज रूढ असलेली अक्षर-कंसाची खूण वापरली, विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे रेषालेखांत मांडले. हे तीन प्रवाह शाळेच्या वर्गात एकत्र आणण्याचा क्लाईन यांचा प्रयत्न होता. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे ध्येय सांगितले. ध्येय आणि चाळीस मिनिटांचा तास यांतले अंतर मात्र शिक्षकालाच कापावे लागते.

नाशिकला या बाबतीत एक आठवण आपसूक होते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ या अंकासाठी जगभर ओळखले जातात. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, तेच पुन्हा करत राहायचे. सर्व अंक सारखे नसले तर शेवटी ६१७४ येतेच. त्यांचे काम आलेखांचे नव्हते. परंतु एकच क्रिया वारंवार करून ‘काय बदलते आणि काय टिकते’ हे पाहत राहण्याची त्यांची वृत्ती रूपांतरांच्या तासाला नेमकी उपयोगाची आहे. आलेख सरकवला तर मुळे बदलतात, आकार टिकतो. उभा ताणला तर उंची बदलते, मुळे टिकतात.

संगणकाने हे काम सोपे केले आहे, यात शंका नाही. साल्झबर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास सुरू केलेले ‘जिओजेब्रा’ आणि २०११ मध्ये आलेले ‘डेस्मॉस’ ही दोन्ही साधने शाळांना फुकट वापरता येतात. पडद्यावरची सरकपट्टी हलवली, की आलेख डोळ्यांदेखत सरकतो. धोका एवढाच की, सरकपट्टी हलवणारा मुलगा केवळ प्रेक्षक होतो. आधी कागदावर भाकीत लिहायचे, मग पट्टी हलवायची, असा क्रम ठेवला तर साधनाचा उपयोग होतो. नाहीतर दहा मिनिटे छान करमणूक होते आणि घंटा वाजते. ज्या शाळेत संगणक कक्षाला आठवड्यातून एकदाच कुलूप उघडते, तेथे ट्रेसिंग पेपर अधिक भरवशाचा.

दहावीतील ही पोकळी अकरावीत एकदम अंगावर येते. विज्ञान शाखेत गणित बहुधा इंग्रजीतून शिकवले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला फल ही संकल्पना आणि तिचे परके नाव एकाच तासाला भेटतात. त्यातच सीईटी आणि जेईईच्या शिकवण्या रूपांतरांचा तक्ता पहिल्याच महिन्यात हातात ठेवतात : आठ ओळी, प्रत्येकीपुढे बाण. त्रिकोणमितीय आलेखांत तो सतत लागतो. कोसाइनचा आलेख म्हणजे साइनचा आलेख नव्वद अंशांनी डावीकडे सरकवलेला, हे ज्याला दिसते त्याला अर्धी सूत्रे पाठ करावी लागत नाहीत. तक्ता पाठ केलेल्याला ती सगळी पाठ करावी लागतात.

सर्वाधिक गुण जातात ते आधी उल्लेखलेल्या २क्ष − ६ सारख्या कंसात. फ(२क्ष − ६) चा आलेख काढताना विद्यार्थी आलेख आडवा निम्मा करतात आणि मग सहा एकके उजवीकडे नेतात. उत्तर चुकते. कारण निम्मा केल्यावर सरकवायचे तर ते तीनच एकके, कंस २(क्ष − ३) असा लिहिला की हे दिसते. सहा एकके सरकवायची असतील तर ती आकसण्याआधी. मग आकसताना सहाचे तीन आपोआप होतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. पडताळ्याचा उपाय एका ओळीचा आहे. मूळ आलेखाचे टोक शून्यावर असेल, तर नव्या आलेखात ते कंस शून्य होईल तेथे असणार. २क्ष − ६ शून्य होते क्ष = ३ ला. टोक सहावर आले असेल, तर कागद पुन्हा उचलून योग्य जागी ठेवायचा.